दम वाढवायचा तर कोणती दोरी घ्यावी? नागपूरच्या दुकानांतल्या उड्यांच्या दोऱ्यांची पारख

आधी निकाल. दम वाढवणं हाच हेतू असेल तर ५ ते ६ मिलिमीटर जाडीची, पीव्हीसीची, भरीव दोरी घ्या. साधारण १५० ते २०० रुपयांत येते. बर्डीच्या दुकानात ‘चांगली दोरी दाखवा’ म्हटलं की काउंटरवर आधी येते ती तारेची, चकचकीत मुठींची, बेअरिंगवाली. किंमत पीव्हीसीच्या दुप्पट-तिप्पट. वस्तू म्हणून ती वाईट नाही, पण बनवलेली आहे वेगासाठी. दम वाढतो तो सारख्या लयीत जास्त वेळ हालत राहिल्यानं, आणि नेमकं तेच काम ही तार नवशिक्याला करू देत नाही. मण्यांची दोरी मिळाली तर पीव्हीसीपेक्षाही सरस; फक्त ती प्रत्येक दुकानात नसते. सुती दोरी लहान मुलांना ठीक. आकडे दाखवणाऱ्या मुठींची दोरी घेऊ नका.

आता कारणं, कारण ती कळली नाहीत तर दुकानदार तुम्हाला तारच विकणार.

दोरीउड्या हा किती जड व्यायाम आहे याचा अंदाज बहुतेकांना नसतो. शांत बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं ते १ माप धरलं, तर ताशी साडेपाच किलोमीटर वेगाच्या चालण्याला ४ मापांहून थोडी जास्त लागते आणि ताशी ८ किलोमीटरच्या धावण्याला ८ हून थोडी जास्त. मिनिटाला १०० पेक्षाही कमी, म्हणजे अगदी सावकाश मारलेल्या उड्यांना जवळपास ९. मिनिटाला १०० ते १२० झाल्या की १२ च्या घरात. म्हणजे सगळ्यांत सावकाश दोरीसुद्धा हलक्या धावण्यापेक्षा जड पडते. पहिल्या आठवड्यात अर्ध्या मिनिटात धाप लागली तर ‘आपली फुप्फुसंच कमजोर’ असा निष्कर्ष काढून दोरी खिळ्याला टांगण्याचं काही कारण नाही. व्यायामच तसा आहे.

म्हणून दोरी निवडताना विचारायचा प्रश्न असा: ही दोरी मिनिटाला ९० ते १०५ उड्यांच्या लयीत टिकते का? अडीच मिलिमीटरची तार हलकी असते. सावकाश फिरवली तर तिची कमान नीट ताणली जात नाही, डोक्यावरून येताना ती ढिली पडते आणि पायाच्या अंगठ्यात अडकते. अडकू नये म्हणून माणूस नकळत हात जोरात फिरवतो, लय १३०-१४० वर जाते आणि २० सेकंदांत खेळ आटोपतो. जाड पीव्हीसीला स्वतःचं वजन असतं. सावकाश फिरवली तरी कमान भरलेली राहते, दोरी या क्षणी कुठे आहे ते मनगटाला कळतं, जमिनीवर आपटल्याचा आवाज कानाला कळतो. पाय आपोआप त्या आवाजावर पडू लागतात.

मण्यांच्या दोरीत हेच गुण आणखी ठळक. आत नायलॉनची बारीक दोरी आणि तिच्यावर इंचभर लांबीचे प्लॅस्टिकचे पोकळ मणी ओवलेले. हिला पीळ पडत नाही, गच्चीवरच्या वाऱ्यानं ती वाकडी होत नाही आणि लांबी कमी करायची तर चार मणी काढून गाठ मारली की झालं. दोष दोन. एक, आवाज. पहाटे साडेपाचला गच्चीवर ही दोरी सुरू झाली की खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात. दोन, खडबडीत गच्चीवर मधले आठ-दहा मणी, जे दर फेरीला आपटतात, ते आधी फुटतात. घेताना नखानं मणी दाबून पाहा. किंचित दबणारा मऊ प्लॅस्टिकचा मणी टिकतो; काचेसारखा टणक मणी महिन्याभरात तडकतो. मधले मणी झिजले की ते टोकाला आणि टोकाचे मध्ये ओवून घ्या, दोरीचं आयुष्य वाढतं.

पीव्हीसीतही दोन जाती आहेत, भरीव आणि पोकळ. पोकळ दोरी चिमटीत दाबली की चपटी होते. ती मुठीच्या तोंडाशी मोडते आणि तिथेच फाटते. भरीवच घ्या. खोक्यात गुंडाळून ठेवल्यामुळे नव्या दोरीला वळसे बसलेले असतात आणि पहिले काही दिवस ती वेडीवाकडी फिरते. यावर उपाय नागपुरात फुकट आहे: मुठींना धरून तासभर उन्हात लोंबकळत ठेवा, सरळ होईल. पावसाळ्यात किंवा थंडीत हेच काम कोमट पाण्यानं होतं. मात्र दोरी कायमची गच्चीवर सोडू नका. उन्हानं पीव्हीसीचा मऊपणा निघून जातो, आणि दोन उन्हाळे गच्चीवर पडलेली दोरी काठीसारखी ताठ होऊन मग तडकते.

स्वस्त पीव्हीसीची खरी खोड मुठीत असते. दोरीचं टोक मुठीच्या आतून गाठ मारून अडवलेलं असतं. भोक अरुंद असलं तर दोरी मुठीत मोकळी फिरत नाही, प्रत्येक फेरीचा पीळ दोरीतच साठत जातो, आणि पन्नासेक उड्यांनंतर तिचा वळसा होऊन पायात येतो. लोकांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. गाठ सोडून गाठ आणि मूठ यांच्यामध्ये हार्डवेअरच्या दुकानातला छोटा वॉशर टाका, भोक जरा मोकळं करून घ्या. शंभराची दोरी दोनशेच्या दोरीसारखी चालेल. मुठीच्या तोंडाशी दोरी घासून बारीक झाली की तेवढा इंच कापून पुन्हा गाठ मारायची. त्यासाठी लांबीत थोडी शिल्लक ठेवलेली बरी.

तारेच्या दोरीबद्दल न्याय करायचा तर एवढं: तुम्ही सलग ३ मिनिटं न अडखळता १२० च्या लयीत उड्या मारू लागलात आणि एका उडीत दोनदा दोरी काढायची आहे, तर हीच हवी. तिचं प्लॅस्टिकचं आवरण सिमेंटवर नेमकं मधोमध झिजतं, मग आतले पोलादी धागे सुटतात आणि पोटरीला ओरखडे काढतात. म्हणून ती मॅटवरच वापरावी. लांबी धरून ठेवणारा छोटा स्क्रू दर आठवड्याला तपासा. तो ढिला झाला की फिरती तार मुठीतून सुटून समोरच्याच्या अंगावर जाते. उन्हाळ्यातली धूळ बेअरिंगमध्ये बसली तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

जड मुठींची दोरी हा मात्र शुद्ध गैरसमज. वजन मुठीत असलं तर ते फिरण्याच्या मध्याशीच बसतं. त्यानं फक्त पंजा आणि कोपराखालचा हात थकतो. वजन दोरीत असेल तर खांद्यांना खरंच काम पडतं, पण नवशिक्याचे हात श्वासाच्या आधी हार मानतात आणि दमाचा व्यायाम राहतो बाजूला. आकडे दाखवणाऱ्या मुठी दोरीच्या फेऱ्या मोजतात, उड्या मोजत नाहीत. अडखळून पुन्हा हात फिरवलात तरी आकडा वाढतो, आणि कॅलरीचा आकडा तर तुम्ही भरलेल्या वजनावरून काढलेला अंदाज असतो. घाम आत गेला की बटणसेल संपायच्या आधीच पडदा जातो. भिंतीवरचं सेकंदकाट्याचं घड्याळ याहून उपयोगी. दोरीऐवजी टोकाला छोटे गोळे असलेल्या मुठीही मिळतात. छत बुटकं असेल किंवा पंखा आड येत असेल तर त्या कामाच्या, पण पाय वेळेवर उचलला की नाही हे सांगणारं त्यात काहीच नाही.

लांबी

दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढा. सुरुवातीला मुठींची वरची टोकं काखेपर्यंत यायला हवीत; हात बसला की छातीच्या मध्यापर्यंत आणा. आकड्यात सांगायचं तर मुठी सोडून दोरी म्हणजे उंची अधिक साधारण ९० सेंटिमीटर. १६५ सेंटिमीटर उंचीला २५५. बाजारातली तयार दोरी बहुधा पावणेतीन मीटरच्या आसपास असते, म्हणजे बहुतेकांना ती लांबच पडते आणि बहुतेक जण तशीच वापरतात. लांब दोरीचं लक्षण: हात शरीरापासून दूर पसरतात, दोरी पायांच्या पुढे एक-दीड फुटावर आपटते, आणि श्वासाआधी खांदे भरून येतात. दोरी आखूड असली तर माणूस कमरेत वाकतो आणि गुडघे छातीकडे ओढतो.

जागा

निम्मा प्रश्न इथे आहे, आणि कुठल्याही खोक्यावर तो छापलेला नसतो.

नागपुरात फ्लॅटवाल्यांना दोनच जागा मिळतात, गच्ची किंवा खालचं पार्किंग. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. रोज एकाच दिशेला तोंड करून उड्या मारल्या तर एक घोटा सतत आत कलतो. व्यायामाच्या दर दोन फेऱ्यांनी (उड्या आणि मधली विश्रांती मिळून एक फेरी) तोंड फिरवा. वॉटरप्रूफिंगचा रंग मारलेली गच्ची टाकीच्या गळतीनं ओली झाली की पाय घसरतो. पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत तार आणि मणी दोन्ही अडकतात, जाड पीव्हीसी कमी अडकते. घरातल्या व्हिट्रिफाइड टाइल्स पहिल्या पाच मिनिटांनंतर घामानं निसरड्या होतात, आणि पंख्याखाली तर उड्या मारूच नका; दोरी डोक्याच्या फूटभर वरून जाते.

६ ते ८ मिलिमीटर जाडीचं रबरी मॅट, किमान ३ बाय ५ फुटांचं, ही दोरीइतकीच गरजेची खरेदी आहे. मॅट एवढं मोठं हवं की दोरीही त्यावरच आपटेल. योगाचं मॅट चालत नाही: ते पायाखालून सरकतं आणि कडेला दोरी अडकते. सतरंजीचंही तेच. रेशीमबागेसारखं मातीचं मैदान जवळ असेल तर पायांना त्याहून चांगलं काही नाही, फक्त पावसाळ्यात काळी माती बुटांना थर धरते आणि मे महिन्यात धूळ नाकात जाते. गवतावर दोरी अडते, तिथे नको.

बूट सपाट आणि घट्ट तळाचे, चवड्याखाली थोडी गादी असलेले घ्या. बॅडमिंटनचे बूट उत्तम. धावायच्या बुटांची जाड मऊ टाच इथे उपयोगाची नाही. वजन चवड्यावर असतं, आणि ती बाहेर आलेली टाच दोरी अडवते.

पाय आणि हात

उडी २-३ सेंटिमीटरचीच. दोरीची जाडी अर्धा सेंटिमीटर आहे, मग अर्धा फूट उंच उडून काय मिळवायचं? कोपर बरगड्यांजवळ, हात कमरेच्या रेषेत आणि जरा पुढे, फिरतं ते फक्त मनगट. उतरताना चवडा आधी, टाच जमिनीला हलकी टेकू दिली तरी चालेल, गुडघे सैल. पायांचा आवाज दोरीच्या आवाजापेक्षा कमी यायला हवा. धप-धप ऐकू आलं तर नडगी ते सगळं सोसते आहे. नजर समोरच्या भिंतीवर. पायांकडे पाहिलं की खांदे पुढे येतात आणि दोरी मागच्या बाजूनं पायाला लागते.

सुरू करण्याआधी एक चाचणी. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहा आणि टाच पूर्ण वर-खाली करा. प्रत्येक पायावर सलग २० जमत नसतील तर दोरी दोन-तीन आठवडे थांबवा आणि हाच व्यायाम एक दिवसाआड १२-१५ चे ३ संच करा. जोडीला भिंतीला पाठ टेकवून, टाचा भिंतीपासून फूटभर पुढे ठेवून पंजे वर उचलणं, २० चे २ संच. पोटरी आणि नडगीपुढचा स्नायू दोन्ही तयार होतात. हा कंटाळवाणा भाग गाळणारेच पुढे पाय दुखतो म्हणून दोरी सोडतात.

दम वाढवण्याचा क्रम

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. आधी ५ मिनिटं चालणं. पहिले दोन आठवडे २० सेकंद उड्या, ४० सेकंद जागच्या जागी चालणं, अशा १० फेऱ्या. म्हणजे एकूण साडेतीनशेच्या आसपास उड्या, त्याहून जास्त नाही, जमत असल्या तरी नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३० सेकंद उड्या आणि ३० सेकंद विश्रांती, १२ फेऱ्या. पाचव्या-सहाव्यात ४५ आणि ३०, १० फेऱ्या. सातव्या-आठव्यात १ मिनिट आणि ३० सेकंद, १० फेऱ्या. त्यानंतर फेरी २ मिनिटांची करा आणि फेऱ्या ५ वर आणा. विश्रांतीत खाली बसायचं नाही.

नुसत्या दोरीनं मात्र दमाचा पाया भरत नाही, कारण ती सुरुवातीपासूनच जड आहे. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं ते लांब, सोप्या श्रमानंही. म्हणून उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस ४५ ते ६० मिनिटं भरभर चालणं हवंच. फुटाळ्याचा काठ, अंबाझरी, सेमिनरी हिल्सचा चढ, जे जवळ असेल ते. वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. या दोन दिवसांना सुट्टी मारून दोरीचे दिवस पाच करणारे पाचव्या आठवड्यात दुखण्यावर येतात.

पाचवाच आठवडा का? श्वास आणि हृदय तीन-चार आठवड्यांत सुधारलेलं जाणवतं. हाडं आणि टाचेमागचा कंडरा यांना तेवढ्याच बदलाला महिने लागतात. दम आलेला असतो, पाय आलेले नसतात, आणि उत्साहात उड्या दुप्पट होतात. नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं लांबीत पसरलेलं दुखणं आलं तर उड्या आठवडाभर बंद, चालणं चालू, परत येताना दोन आठवडे मागच्या पायरीवरून. दुखणं एकाच बोटाखाली टोचत असेल, रात्री पडल्यावरही जाणवत असेल, तर हाडाला चीर असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे तर नॉर्मल आहे’ म्हणून पुन्हा उड्या सुरू करू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. सकाळी पहिली काही पावलं टाच आखडलेली वाटत असेल तर उड्या निम्म्या करा आणि टाच वर-खाली करण्याचा व्यायाम संथ गतीनं वाढवा.

प्रगती मोजायला घड्याळ पुरे. शेवटची फेरी संपताच मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजून ४ नं गुणा, बरोबर एक मिनिटानं पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक आठवड्यागणिक वाढत गेला पाहिजे. पूर्ण जोरानं व्यायाम करूनही हा फरक वारंवार १२ किंवा त्याहून कमी येत असेल तर डॉक्टरांशी बोला. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) तोंडात ठेवून हे मोजमाप करू नका. तंबाखूतलं निकोटिन नाडी वर नेतं, रक्तवाहिन्या आकसवतं. आकडा खोटा येतो आणि दमही. मैदानावर पाण्याच्या बाटलीशेजारी खर्ऱ्याची पुडी ठेवून ‘स्टॅमिना वाढत नाही’ म्हणणारे कमी नाहीत.

पोलीस भरतीवाल्यांसाठी थोडक्यात: शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक असते. तिथे धावण्याला पर्याय नाही. दोरी आठवड्यातून दोनदा, १० मिनिटं, धावण्याआधी चवडे जागे करायला ठेवा. धावण्याच्या दिवसाच्या बदल्यात दोरी मारणं हा तोटा आहे.

ऊन

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तेवढा चढो न चढो, मे महिन्यात गच्चीचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. म्हणून ‘संध्याकाळी ऊन उतरलं की’ ही वेळही गच्चीसाठी वाईटच. पहाटे साडेपाच ते साडेसहा, नाहीतर घरात. एप्रिल-मेची हवा कोरडी असते, घाम अंगावर दिसायच्या आधीच उडून जातो आणि किती पाणी गेलं ते कळत नाही. व्यायामाआधी आणि नंतर वजन करून पाहा. १ किलो उतरलं तर साधारण १ लिटर पाणी गेलं. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं घ्या. जास्त घाम गेला असेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मोजून.

कूलर लावलेल्या खोलीत मेमध्ये उड्या मारता येतात, फक्त कूलरसमोरची फरशी ओली असते तिथे मॅट टाकू नका. जुलैत तोच कूलर उलटा त्रास देतो: हवा आधीच दमट, त्यात तो आणखी ओल भरतो, घाम सुकत नाही आणि अंग तापत जातं. तेव्हा साधा पंखा आणि उघडी खिडकी. उन्हाळा सुरू होताना शरीराला सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस फेऱ्या एक तृतीयांशानं कमी करा. कुणी व्यायाम करता करता असंबद्ध बोलू लागला, लडखडला, अंग भट्टीसारखं तापलं, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओतून जोरात वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीवर पूर्ण नसलेल्याला पाणी पाजू नका.

आधी रक्त तपासा

विदर्भात हे सांगितल्याशिवाय दमाबद्दल लिहू नये. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार इथे अनेक समाजांत आढळतो आणि ‘एस’ वाहक असलेल्या, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेल्या, बहुतेकांना रोजच्या जगण्यात काही जाणवत नाही. पण कडक ऊन, अंगातलं कमी पाणी आणि विश्रांती न घेता एकदम केलेला जोराचा व्यायाम हे तीन एकत्र आले तर वाहकालाही धोका होऊ शकतो: मांड्या-पोटऱ्या अचानक गळून जातात, धाप थांबत नाही. वाहकानं व्यायाम सोडायची गरज नाही. फेऱ्यांमधली विश्रांती दुप्पट, वाढ निम्म्या गतीनं, पैजा लावून सलग उड्या मारणं बंद, आणि तापात व्यायाम नाही. प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोरी हातात घेऊ नका. तपासणीची सोय नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो आणि डागा रुग्णालयात होते. चाळणी चाचणीत सकारात्मक आलं तर पुढची पक्की तपासणी करूनच घ्या. वाहक आणि रुग्ण यातला फरक तिथेच कळतो.

तसंच हिमोग्लोबिन. बायकांचं १२ ग्रॅमपेक्षा, पुरुषांचं १३ ग्रॅमपेक्षा (दर १०० मिली रक्तात) कमी असेल तर दोरी कितीही मारली तरी दम हवा तसा वाढणार नाही, आधी कारण शोधून ते भरून काढावं लागतं. बाळंतपणानंतर उड्या मारताना लघवी निसटते म्हणून कित्येकजणी काही न बोलता दोरी सोडतात. हे सामान्य आहे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामानं बहुधा सुधारतं. फिजिओथेरपिस्टला विचारा, तोवर चालणं. वजन बरंच जास्त असेल, गुडघे आधीच दुखत असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल, गरोदरपण असेल, तर दोरी हे सुरुवातीचं साधन नव्हे.

खाण्याचं थोडक्यात. पोटभर जेवणानंतर अडीच-तीन तास उड्या नकोत. रात्री सावजी झोडपून सकाळी दोरी घेतली तर आंबट ढेकर पहिल्या फेरीतच येतात, आणि तर्री पोहे व्यायामाआधी नव्हेत, नंतर. आधी हवंच असेल तर पाऊण तास अगोदर एक केळं. नंतरच्या जेवणात वरण, मोड आलेली कडधान्यं, दही, अंडी यांपैकी काहीतरी भरपूर असू द्या. झोप सात तासांच्या खाली गेली त्या दिवशी फेऱ्या कमी करा.

दुकानात

पॅकबंद खोकं तसंच उचलू नका, उघडून मागा. दोरी चिमटीत दाबा: भरीव आहे का? एक मूठ घट्ट धरून दोरीला बोटानं पीळ द्या. मुठीच्या आत दोरी मोकळी फिरली पाहिजे, पीळ धरून बसता कामा नये. मुठीवरचा स्पंज ओढून पाहा. सैल असेल तर घामानं दोन आठवड्यांत निघून येतो, त्यापेक्षा उघडी प्लॅस्टिकची किंवा लाकडी मूठ बरी. मुठीचं तळाचं टोपण उघडतं का ते बघा, कारण लांबी तिथूनच कमी करायची असते. चिकटवलेलं टोपण असेल तर ती दोरी परत ठेवा. मग दुकानासमोर, फुटपाथवर, तिच्यावर पाय ठेवून लांबी काखेशी जुळवा आणि जास्तीची दोरी तिथेच कापू नका. घरी नेऊन गाठ मारून चार दिवस वापरा, हात बसला की मगच कात्री लावा.